तपासणीची झाकणं

आमच्या घरात गाडी येण्याच्या कितीतरी आधी गाडीविरुद्धचं पत्रक आलं होतं. आबा भेस्तानच्या ज्या खात्यात यंत्रं चालवायचे (सुरतेत पॉवरलूमच्या कारखान्याला खातंच म्हणतात), तिथल्या शेठने नवी मोठी गाडी घेतली आणि ती सावलीत उभी राहावी म्हणून कारीगरांची पाण्याची टाकी उन्हात हलवली. आबांनी एका बैठकीत पत्रक लिहिलं, ‘गाडीला सावली, माणसाला ऊन’. मी तेव्हा पहिलीत होते. त्या मथळ्यात एकही जोडाक्षर नसल्यामुळे मला तो न अडखळता वाचता आला, आणि मी तो दिवसभर गल्लीत मोठमोठ्याने म्हणत फिरले. दुसऱ्या दिवशी टाकी परत जागेवर आली. ती माझ्या वाचण्यामुळे आली अशी माझी बरीच वर्षं पक्की समजूत होती.

पत्रकं आमच्याकडे सगळीकडे असायची. उरलेली पत्रकं फडताळात डब्यांखाली अंथरलेली, माय त्यांच्यात भाकरी गुंडाळून द्यायची, आणि कोरी मागची बाजू माझ्या गणितासाठी राखलेली. नगरपालिकेच्या मराठी शाळेत इतर पोरं ‘कमळ बघ’ वाचत होती तेव्हा मी ‘मागणी क्रमांक एक’ वाचत होते. आबांचे पत्रकाचे नियम ठरलेले होते. विशेषणं नकोत. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव छापलेलंच पाहिजे, नाव नसेल तर ती कुजबूज. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, पण पत्रकं मराठीत असायची, म्हणून माझा लिहिता हात मराठीत वळला. मायला या सगळ्याची थट्टा सुचायची. मी शाईने काळ्या झालेल्या हातांनी ताटावर बसले की ती कळण्याची भाकरी मागे ओढायची आणि म्हणायची, “मनी मागणी क्रमांक एक, पहिले हात धू. मागणी क्रमांक दोन, साबन लावी धू.”

आवाजाबद्दलही सांगायला हवं, कारण तो घरातलाच होता. भिंतीपलीकडे खातं. यंत्रं चालू असली की फडताळातली स्टीलची ताटं बारीक थरथरत असत आणि कोणी ते ऐकतही नसे. वीज गेली की मात्र तान्ही पोरं दचकून रडायला लागायची. आबा बारा तासांच्या पाळीहून आले की पुढचा तासभर ओरडून बोलायचे, साधं “पाणी दे” सुद्धा. शेजाऱ्यांना वाटायचं, आमच्या घरात रोज भांडण असतं. आजही मी कुणाशी महत्त्वाचं बोलताना आवाज चढवते. लोक त्याला राग समजतात. बऱ्याचदा तो रागच असतो, पण सवय त्याच्या आधीची आहे.

मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला आणि उधन्याच्या एका गॅरेजात कामाला लागले. तिथे कोपऱ्यात एक जुनी हॅचबॅक उभी होती, आठशे सीसीची, पांढरी, किंवा कधीकाळी पांढरी. तिचा मालक इच्छापोरला कंत्राटावर काम करायचा. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने गाडीचा तळ इतका खाल्ला होता की आत बसून खाली पाहिलं तर जमीन दिसायची. मालकाने दुसरी गाडी घेतली आणि ही गॅरेजवाल्याच्या नावावर करून टाकली. गॅरेजवाला रोज तिला शिव्या द्यायचा. एक दिवस मला म्हणाला, “लई जा ने बेन, जगा रोके छे.” घेऊन जा, जागा अडवते. मी नेली. टोइंगच्या दोरीला बांधून ती भेस्तानला आणली आणि आमच्या खोलीच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाखाली उभी केली.

अशा गाड्यांचं काय करता येतं ते मला माहीत होतं. परगावची, परदेशची माणसं अशाच टाकाऊ हॅचबॅक घरच्या घरी सोलून काढतात, कडक करतात आणि ट्रॅकवर घड्याळाविरुद्ध पळवतात. फोनवर ते सगळं मी शंभरदा पाहिलं होतं. भरूचच्या पुढे एकाने स्वतःच्या जमिनीवर छोटा ट्रॅक बांधला होता आणि वर्षातून एकदा, एका शनिवारी, तो घरी बांधलेल्या गाड्यांना खुला असायचा. एकेकट्याने तीन फेऱ्या, घड्याळ लावून. अर्जात दोन रकाने होते, गाडी चालवणारा आणि गाडी बांधणारा. आदल्या वर्षी मी पाहायला गेले तेव्हा सगळ्या अर्जांवर त्या दोन रकान्यांत दोन वेगळी नावं होती. चालवणारे शेठांचे मुलगे होते आणि बांधणारे माझ्यासारखे, ग्रीसच्या हाताचे, तारेच्या जाळीला चिकटून उभे. मला दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहायचं होतं, माझं. यापलीकडे मला त्या वर्षी काही नको होतं.

आबांना ते पटणं शक्यच नव्हतं. “श्रीमंतांचा खेळ,” ते म्हणाले. “त्यांच्याकडे जाळायला पेट्रोल आहे, तुझ्याकडे काय आहे?”

“माझ्याकडे पाना आहे,” मी म्हणाले. “आणि जोरात जायचं फक्त त्यांनी, हे कोणत्या पत्रकात लिहिलंय?”

माय चुलीपाशी हसली. आबा हसले नाहीत, पण त्यांनी गाडी काढून टाक असंही म्हटलं नाही. एवढंच, की आडोशावरून जाताना ते मान दुसरीकडे वळवायचे.

मला साथ दिली ती सुपडूमामाने. मायचा हा धाकटा भाऊ त्याच खात्यात मास्टर होता, म्हणजे यंत्रं लावणारा, बिघडली की सरळ करणारा. मोटारगाडीचं त्याला काहीच येत नव्हतं, पण यंत्राचं सगळं यायचं. लूमच्या सांगाड्यावर तळवा ठेवून कुठला बोल्ट सैल आहे ते तो सांगायचा आणि गाडीशीही तसाच वागायचा. मी इंजिन चालू करायचे, तो डोळे मिटून बॉनेटच्या कडेवर हात ठेवायचा. “डाव्या हाताची मागली रबर मेली,” आणि ती खरंच मेलेली असायची. आम्ही गाडी सोलली. गालिचे, छताचं कापड, तळाला चिकटवलेले डांबरी थर, काचांची यंत्रं, हीटर, सगळं. मागचं सीट मायने घरात नेलं आणि पाहुण्यांसाठी भिंतीला लावलं, आमचा पहिला सोफा. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून पाईप वाकवून आत पिंजरा बसवला, कडक स्प्रिंगा आणि शॉकअप घातले, ब्रेकच्या नळ्या नव्या केल्या. संध्याकाळी कारीगर पाळीवरून सुटताना थांबायचे. “काय वं वैशू, गाडी बनाडी ऱ्हायनी की मोडी ऱ्हायनी?” मी म्हणायचे, आधी मोडावी लागते. त्यावर पुढच्या दिवशी तोच प्रश्न.

अडलं ते तळावर. ट्रॅकचा नियम स्पष्ट होता. तळाला एकही भोक नको, आणि मागची पेट्रोलची टाकी आणि बसायची जागा यांच्यात पूर्ण पत्र्याची भिंत हवी, नाहीतर गाडी आत घेणार नाहीत. चांगला जाड पत्रा हवा होता. मामा दोन दिवसांनी हातगाडीवर पत्रे घेऊन आला. हिरव्या रंगाचे, कडा वळवलेले, एकसारखे सोळा.

“कोठून आणले?”

“कोपऱ्यात पडेल शेतस. कोन इचारस त्यासले?”

मी ओळखलं नाही असं लिहिणं आज सोपं आहे. पण मी ओळखलं होतं. ती लूमवरची झाकणं होती. मोटारीचा पट्टा आणि दातेरी चाकं यांच्यावर बसवायची, माणसाचा हात आत जाऊ नये म्हणून. आबांच्या पत्रकांत मागणी क्रमांक तीन वर्षानुवर्षं तीच होती, ‘प्रत्येक पट्ट्यावर झाकण’. मुद्रितं मीच तपासायचे. दोन वर्षांपूर्वी शेठने वैतागून सगळ्या यंत्रांसाठी झाकणं करून घेतली तेव्हा माय शेवभाजी करून जेवायला बसवत होती, इतका तो आमच्या घरचा विजय होता. आणि त्यानंतर काय होतं ते खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. एका कारीगराकडे दहा-बारा यंत्रं. धाग्याची तार तुटली की वाकून सांधायची, झाकण असेल तर दर वेळी हात फिरवून जायचं. मजुरी मीटरवर, आणि मीटर कमी पडतं. म्हणून तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी झाकणं वर, एरवी कोपऱ्यात. कारीगर त्यांना तपासणीची झाकणंच म्हणायचे. कारीगरांनाही ती नको होती, मास्टरला नको होती, शेठला तर नकोच होती. हवी होती ती फक्त आबांना, पत्रकात. मामाला त्यात चोरी वाटली नाही, मला त्यात मागणी क्रमांक तीन दिसली नाही, किंवा दिसली आणि मी कात्री चालवली. पत्रे सुंदर बसले. रिवेट मारून मी भिंत पूर्ण केली आणि हात मागे घेऊन ती पाहत राहिले, तेव्हा मला फार आनंद झाला होता. तोही लपवत नाही.

ट्रॅकचा शनिवार दहा दिवसांवर आला असताना दुपारच्या वेळी भिंतीपलीकडे एका ओळीतली यंत्रं एकदम थांबली आणि बाकीची चालू राहिली. आमच्याकडे अशा आवाजाचा अर्थ सांगावा लागत नाही. माय हातातलं पीठ तसंच घेऊन दारात गेली. रोहिदास नावाचा कारीगर, नंदुरबारकडचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. तुटलेली तार सांधायला वाकला, तोल गेला, आधारासाठी हात टाकला तो पट्ट्यावर. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आबांनी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं आणि कारखाना तपासणीच्या कचेरीत तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी खात्याचे मॅनेजर रमणभाई आमच्या दारात आले. त्यांनी आवाज चढवला नाही. मायने दिलेला चहा घेतला, बाहेर येऊन आडोशाखालच्या गाडीकडे बोट दाखवलं आणि आबांना म्हणाले, “झाकणं आम्ही दिलेली. ती तुमचा साला घेऊन गेला, तुमच्या मुलीच्या गाडीत बसवली. पत्रक वाटा की. आम्हीपण एक वाटू.”

ते गेल्यावर आबा पहिल्यांदाच गाडीजवळ आले. वाकले, दारातून आत डोकं घातलं आणि हिरव्या पत्र्यावरून बोट फिरवलं.  ज्या माणसाचं बोलणं चार घरं पलीकडे ऐकू जायचं त्याचं ते गप्प बसणं मला सहन होईना. शेवटी ते म्हणाले, “पत्रक थांबवतो.”

“का?”

“सुपडूवर चोरीचं बालंट येईल. तुझं नाव येईल.”

“येऊ दे की! नाव आल्याशिवाय पत्रक नसतं, कोण सांगायचं मला?”

“ते माझ्या नावाबद्दल होतं,” आबा म्हणाले. “मनी आंडेर ना नाव नही लिखाव माले.”

आपल्या मुलीचं नाव लिहवत नाही, म्हणाले. दुसऱ्या कुठल्या मुलीला या वाक्याने गहिवरून आलं असतं. मला संताप आला. माझ्यासाठी त्यांनी आयुष्यात कधी काही सोडलं नव्हतं, ना पाळी ना मोर्चा, आणि आता सोडायला निघाले ते हे. रोहिदासचा हात बांधलेला, आणि आमचं घर गप्प. मी आतून ड्रिल आणलं आणि मागच्या भिंतीचे रिवेट तोडायला लागले. विचार काहीच नव्हता. झाकणं उचकटायची आणि नेऊन खात्याच्या दारात टाकायची, एवढंच डोक्यात होतं. पहिला पत्रा निघाला. तो उन्हात उलटा करून मी थांबले.

झाकणाला मूळची चार भोकं होती, यंत्रावर बोल्टने बसवण्यासाठी; ती बुजवायचं काम मी शेवटच्या आठवड्यासाठी ठेवलं होतं. बोल्ट कसला की त्याच्या वायसरखाली रंग खरवडला जातो आणि गोल चकचकीत डाग पडतो. गॅरेजात जुना भाग हातात घेतला की मी आधी तोच पाहते, आधी कुणी उघडलाय की नाही ते त्यावरून कळतं. इथे एकही डाग नव्हता. भोकाच्या आतल्या कडेपर्यंत हिरवा रंग अखंड होता, कारखान्यातून आला तसा. मी गाडीत शिरून बाकीचे पत्रे पाहिले. सोळाच्या सोळा तसेच. ही झाकणं काढून कोपऱ्यात ठेवलेली नव्हती. ती कधी बसवलीच नव्हती. तपासणीच्या दिवशी नुसती वर टेकवली होती.

“मामा!” मी ओरडले. “यांचे बोल्ट कुठे आहेत?”

मामा घरातून आला. “बोल्ट? बोल्ट आलेच कवय? शेठनी नुसते पत्रे धाडेल व्हतात. मी दोन डाव मागात बोल्ट.”

“हे आधी कुणाला का नाही सांगितलंस?”

“कोनी इचारंच नही,” मामा म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “तू बी नही इचारं.”

आबांनी तो पत्रा हातात घेतला, भोकात करंगळी घालून फिरवली आणि त्यांचा आवाज परत आला. “बाकीच्यांना हात लावू नकोस! काढलेस तर म्हणतील, रंग नंतर मारला. जसं आहे तसं साहेबांना दिसू दे.” मग थोडं थांबून, “पुढच्या शनिवारी येतो म्हणालेत साहेब. अकरापर्यंत.”

त्याच शनिवारी अकरा वाजता ट्रॅकवर नोंदणी बंद होणार होती. ते आबांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

पत्रक मी लिहिलं, आयुष्यातलं पहिलं. ‘झाकणं माझ्या गाडीत आहेत. ती मी कापली, ही माझी चूक आहे. मास्टरांनी ती कोपऱ्यातून आणली, यंत्रावरून नाही. त्यांच्या भोकांवर बोल्टची खूण नाही. ती एकदाही बसवली गेली नाहीत. गाडी शनिवारी सकाळी दारात उभी असेल. स्वतः पाहा.’ खाली माझं नाव. मामा म्हणाला, त्याचंही टाक, मोठ्या अक्षरात. आबांनी फक्त एक विशेषण खोडलं. ते कोणतं होतं हे आता आठवत नाही, पण ते शेठबद्दल होतं आणि मला फार आवडलेलं होतं.

शनिवारी सातला पाळी बदलायच्या आधी मी, मामा आणि माय, तिघांनी गाडी ढकलत खात्याच्या फाटकासमोर आणली. आबा पत्रकांचा गठ्ठा घेऊन फाटकाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. मी चारही दारं आणि डिकी उघडून ठेवली. सुटणारे कारीगर आणि येणारे कारीगर तिथेच एकमेकांत मिसळले. कोणी वाकून पाहत होतं, कोणी भोकात बोट घालत होतं. “खरं शे रे, रंग कोराच शे.” एक उडिया कारीगर, त्याला पत्रक वाचता येत नव्हतं, त्याने खिशातून किल्ली काढून भोकाच्या कडेला खरवडली आणि उडालेला रंग सगळ्यांना दाखवला. दोन पाळ्यांची माणसं आत जाईनात आणि घरीही जाईनात.

पुढचं आधीच सांगून टाकते. साहेब त्या दिवशी आले. बोल्ट आले, झाकणं नवी बनली, कसली गेली. मामाला कामावरून काढलं ते काढलंच. तो नंतर कतारगामच्या एका कारखान्यात लागला आणि माझ्याशी वर्षभर तोडून बोलायचा. रोहिदासला पट्ट्याजवळ हात नेणं पुन्हा कधी जमलं नाही. माझी चूक मी पत्रकात लिहून टाकली म्हणून ती संपली असं मला कधी वाटलं नाही, आणि कुणी तसं म्हणालं तर मी भांडते.

पण सकाळी साडेसातला यातलं काहीच नक्की नव्हतं. रमणभाई गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी गाडी निरखून पाहिली, खरंच निरखून, पिंजरा, स्प्रिंगा, सगळं, आणि मान हलवली.

“सारी बनावी छे,” छान बनवली आहे, ते म्हणाले. मग माझ्या जवळ येऊन हळू आवाजात, “बेन, आजे तो तारी रेस छे ने? तो जा ने. नवां पतरां हुं अपावी दउं.”

आज तुझी शर्यत आहे ना, मग जा की. नवे पत्रे मी देतो. त्यांना ट्रॅकचं कुठून कळलं कोण जाणे. ते पुढे बोलत राहिले. टेम्पो उभा आहे, त्यावर गाडी चढवू, वेल्डर हाताशी आहे, तासाभरात भिंत बदलून देतो, नऊला निघालीस तरी पोचशील. मामाचं कामही राहील. फक्त ही गाडी इथून हलू दे.

त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पोचले असते. मी गाडीकडे पाहिलं आणि मला सगळ्या गर्दीत तो ट्रॅक दिसला, पहिलं डावं वळण, जिथे आदल्या वर्षी मी जाळीला धरून उभी होते. माझे हात खरोखर किल्लीकडे गेले होते. वर्षभर मी ही गाडी हलावी म्हणूनच जागून, कापून, घासून काढली होती, आणि पलीकडे आबा मान वर न करता पत्रकं वाटत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी गेले असते तर त्यांनी मला अडवलंही नसतं.

मी डिकीतून जॅक काढला.

“आते काय करी ऱ्हायनी?” मामाने विचारलं.

“चाकं काढते.”

 मामा समोरच्या चहावाल्याच्या टपरीमागून लाकडी ठोकळे घेऊन आला. मी पुढचं डावं चाक सोडलं. नट खाली पडत होते आणि माय ते पदरात गोळा करत होती. चाक निघालं तसं रोहिदासच्या ओळीतल्या एकाने ते माझ्या हातातून घेतलं आणि गल्लीत कुठेतरी घेऊन गेला. दुसरं दुसऱ्याने नेलं. तिसऱ्यासाठी दोघं भांडले. माझे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसले तर दिसोत असं मला वाटत होतं. चौथं चाक घट्ट बसलं होतं, त्याला लाथ मारावी लागली.

गाडी चार ठोकळ्यांवर फाटकासमोर बसली. रमणभाईंचा हळू आवाज गेला होता. “हवे आ केम हटशे?” ते ओरडले. आता ही हटणार कशी?

मी पाना पिशवीत टाकला, आबांच्या हातातला अर्धा गठ्ठा घेतला आणि वरचं पत्रक रमणभाईंपुढे धरलं.

“साहेब येतील. आत शिरून बघतील. लिहून घेतील,” मी म्हणाले, तेही अर्थातच ओरडून. “तोवर वाचा.”